कुंपणावरचं झाड

यंदा गणपतीत गावी गेलो होतो. रात्रीची आरती झाली, पंचखाद्य वाटून झालं, माणसं पांगली आणि थोरल्या पुतण्यानं खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढं धरला. गुळगुळीत कागद, हिरवीगार छपाई. एका बाजूला मराठी मजकूर, उलटून पाहिलं तर तोच कानडीत. आमच्या भागात आशा येते ती दोन्ही भाषांतून येते.

"काका, तुम्ही शास्त्राचे मास्तर. एवढं वाचून बघा आणि सांगा, लावू की नको."

कागदावर हत्तीगवताची माहिती होती. हे गवत टाक्यांत कुजवून त्याचा गॅस करायचा, तो गॅस शुद्ध करून, दाबून गाड्यांत भरायचा. शेतकऱ्यानं फक्त कांड्या लावायच्या. एकरी वर्षाला दीडशे टन गवत, टनाला हजार रुपये, म्हणजे एकरी दीड लाख. कापणी कंपनी करणार, वाहतूक कंपनी करणार. आज सभासद होणाऱ्याला पहिला मान.

गणित बरोबर होतं. अशा कागदांवरचं गणित कधीच चुकत नाही. मी कागद वाचत होतो खरा, पण माझं सगळं लक्ष सोप्यातल्या खांबाला टेकून बसलेल्या आण्णाकडं होतं. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय ऐंशीच्या पुढं. डोळे मिटून बसला होता, पण झोपलेला नव्हता. त्याच्या पायाचा अंगठा हलत होता. तो ऐकत असला की अंगठा हलतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

असाच एक कागद वीस वर्षांपूर्वी या सोप्यात आला होता. तो मीच आणला होता.

बेळगावहून चंदगडकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. खाली ओढ्याच्या कडेनं भाताची खाचरं, त्याच्यावर रताळ्याची आणि भुईमुगाची शेतं आणि सगळ्यांत वर तांबड्या मातीचा माळ. माळावर पावसाळ्यात थोडी नाचणी आणि कुळीथ, एरवी गुरं. या सगळ्या वाटण्यांच्या मधून जी कुंपणं गेलेली, ती मोगली एरंडाची. मोगली नावावरूनच कळतं की हे झाड बाहेरचं. अमेरिकेकडचं ते झाड पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडं आलं, असं वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकांत सांगतात. गोव्याहून घाट चढून आमच्याकडं आलं असेल तर नवल नाही, काजूही तसाच आला. आमचे कानडी शेजारी त्याला काडुहरळु म्हणतात. काडु म्हणजे रान, हरळु म्हणजे एरंड. दोन्ही भाषांनी त्याला एरंडाच्या घरात घेतलं, पण सख्खा कुणीच मानला नाही.

या झाडाचा एकच गुण आम्हांला ठाऊक होता. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. फांदी तोडून पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत खोचली की लागली. पाणी नको, खत नको, राखण नको. आम्हां पोरांना आणखी एक उपयोग माहीत होता. पानाचा देठ मोडला की चीक येतो, तो देठाच्या मोडीत पडद्यासारखा धरतो आणि हळूच फुंकर घातली की फुगे उडतात, साबणाच्या पाण्यासारखे, इंद्रधनुष्यी. बी मात्र खायचं नाही. खाल्लं की ओकाऱ्या. आमच्या पिढीतल्या प्रत्येक घरात असा एक पराक्रमी निघालाच, आमच्या घरातला मी.

अशा या झाडाच्या नशिबी २००३ च्या सुमाराला एकाएकी राजयोग आला. त्याच्या बीत तीस-पस्तीस टक्के तेल असतं आणि त्या तेलावर प्रक्रिया केली की डिझेलच्या इंजिनात चालतं, हे काही नवं नव्हतं. नवं होतं ते देशाचं त्याच्याकडं लक्ष जाणं. ३१ डिसेंबर २००२ रोजी रेल्वेनं दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस पाच टक्के जैवडिझेल मिसळून चालवून पाहिली. एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल मिसळायचं आणि त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टर जमिनीवर मोगली एरंड लावायचा, असा त्यातला हिशेब. राष्ट्रपती अब्दुल कलाम आपल्या भाषणांतून या झाडाचा उल्लेख करू लागले. छत्तीसगडमध्ये तर घोषणाच निघाली की डिझेल आता खाडीतून नाही, वाडीतून येणार. मग ऑक्टोबर २००५ मध्ये सरकारनं दर जाहीर केला. १ जानेवारी २००६ पासून लिटरला २५ रुपये.

मी तेव्हा तालुक्यातल्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. निवृत्तीला सहा-सात वर्षं उरलेली. माझ्या वयाच्या शिक्षकाला, खरं सांगतो, असा विषय म्हणजे मेजवानी. आयुष्यभर प्रकाशसंश्लेषण फळ्यावर शिकवलं, आता तेच माळावर उतरून पैसे देणार होतं. कुठून कुठून कात्रणं जमवली. शहरात एका कंपनीनं कचेरी उघडली होती. तिथून कागद आणला, मराठी-कानडी छापलेला. रोपं आम्ही देऊ, बी आम्ही विकत घेऊ, असा लेखी करार. आणि तुळशीचं लग्न झाल्यावर एका रविवारी देवळासमोरच्या पारावर मी व्याख्यान दिलं.

ते व्याख्यान मला अजून आठवतं, कारण तसं व्याख्यान मी त्याआधी आणि नंतरही कधी दिलं नाही. शाळेतला फळा दोघा पोरांकडून उचलून आणवला. मराठी घरं आली, कानडी घरंही आली. आमच्या गावात एरवी या दोन माणसांत वितुष्ट नाही, पण एकाच फळ्याकडं एकाच वेळी बघत बसायचे प्रसंगही फार येत नाहीत. मी एक वाक्य मराठीत, एक कानडीत असं बोलत होतो. पडीक जमिनीला आपण बरड म्हणतो, कानडीत बरडु. तो एक शब्द मात्र मला दोनदा सांगावा लागला नाही.

फळ्यावर लिहिलं ते असं. दोन मीटर बाय दोन मीटर अंतर, म्हणजे एकरी हजार झाडं. एका झाडाला दीड किलो बी. एकरी दीड हजार किलो. किलोला पाच रुपये धरा. एकरी साडेसात हजार, तेही ज्या जमिनीवर आज दमडी निघत नाही तिथून. झाड पन्नास वर्षं जगतं. पेंड खताला. आणि वर म्हणालो, मला ते वाक्य अक्षरशः आठवतं, "अरबस्तानच्या लोकांना वाळूखाली सापडलं, आपल्याला कुंपणावर सापडलंय." टाळ्या पडल्या. सीमेवरच्या गावाला कुणाकडूनच काही वेळेवर मिळत नाही, ही समजूत आमच्यात जन्मापासून मुरलेली. देशाचं डिझेल आपल्या माळावरून जाणार, या कल्पनेनं माणसं ताठ बसली होती. मीही ताठ उभा होतो.

अकरा घरांनी एरंड लावला. आण्णानं तीन एकर.

आण्णाकडं त्या वर्षी पैसे होते. खाचराच्या वरच्या अंगाला विहीर काढायची म्हणून त्यानं चार-पाच वर्षं मागं टाकलेले. विहीर झाली असती तर भातानंतर भाजीपाला निघाला असता. मीच म्हणालो, विहीर तीन वर्षांनी एरंडाच्या पैशांतून काढ. रोप पाच रुपयाला एक. तीन हजार रोपांचे पंधरा हजार आणि मुरमाड माळात तीन हजार खड्डे मारायची मजुरी वेगळी. जून २००६ मध्ये लागवड झाली. वहिनींनी पहिल्या रोपाला हळदकुंकू वाहिलं. कुंपणावरच्या झाडाला हळदकुंकू वाहिलेलं आमच्या गावानं पहिल्यांदाच बघितलं.

पुढचं सगळ्या देशात जे झालं तेच आमच्याकडं झालं. झाडं मेली नाहीत, हे आधी सांगायला हवं. उलट छान वाढली. आमचा पाऊस दांडगा, पहिल्या दोन वर्षांत पुरुषभर उंच गेली, हिरवीगार पानं. पाणी साचणाऱ्या खालच्या पट्ट्यात मुळं कुजली तेवढीच. पण हे झाड पाण्याशिवाय जगतं याचा अर्थ पाण्याशिवाय फळतं असा नव्हे. उन्हाळ्यात पानं गाळून ते मुकाट उभं राही. तिसऱ्या वर्षी थोडी फळं धरली, तीही एकाच वेळी पिकत नाहीत. आज चार पिवळी, आठ दिवसांनी सहा काळी. पुन्हा पुन्हा जाऊन हातानं वेचायची, फोडायची, वाळवायची. दिवसभराच्या मजुरीत एका बाईकडून जेवढं बी जमे त्याचे पैसे मजुरीच्या निम्मेही होत नसत. चौथ्या वर्षी माझ्या फळ्याप्रमाणं तीन एकरांत साडेचार हजार किलो यायला हवं होतं. आलं ते अडीच पोती. ती घेऊन आण्णा आणि मी शहरातल्या त्या कचेरीत गेलो. कचेरी होती, पण तिथं आता मोबाइलचं दुकान होतं.

ती पोती आण्णानं परत आणून माळ्यावर टाकली. २०११ च्या उन्हाळ्यात त्यानं झाडं उपटायला घेतली. गुरं खात नाहीत म्हणून ज्याची किंमत, त्या झाडानं तीन एकरांचं गुरांचं चरणही खाल्लं होतं. विहीर पुढं २०१३ साली झाली, कर्ज काढून. आण्णानं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. फक्त एक झालं. तोवर तो मला घरच्या नावानं हाक मारायचा, त्यानंतर मास्तर म्हणू लागला. वहिनी मात्र एकदाच बोलल्या. विहिरीला पाणी लागलं त्या दिवशी म्हणाल्या, "भावजी, सात वर्षं या विहिरीत तुमचा एरंड उगवला होता." बाकीच्या दहा घरांपैकी नऊ विसरली. एक गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. मी दिसलो की वाट बदलतात, आणि ते बरोबरच आहे.

निवृत्तीनंतर मला या गोष्टीचा छडा लावायचा छंदच लागला. मी खोटं बोललो होतो का? फळ्यावरचा कुठला आकडा मी मनानं लिहिला होता? एकही नाही. मग चुकलं कुठं? मिळेल ते वाचत गेलो आणि हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. दीड किलो बी देणारं झाड कुठंतरी होतं. चांगल्या जमिनीतलं, पाणी दिलेलं, वयानं मोठं, भोवती मोकळी जागा असलेलं झाड. ज्यानं ते मोजलं त्यानं या अटी लिहिल्याही असतील. तो आकडा अहवालात गेला तेव्हा 'पर्यंत' हा शब्द राहिला आणि अटी तळटिपेत गेल्या. अहवालातून भाषणात गेला तेव्हा तळटीप गळाली. भाषणातून कंपनीच्या कागदावर आला तेव्हा 'पर्यंत' गळाला. आणि माझ्या फळ्यावर आला तेव्हा उरला नुसता आकडा, खडूनं दोनदा गिरवलेला. या सगळ्या वाटेवर कुणीही लबाडी केली असेल असं नाही. प्रत्येकानं ओझं थोडं हलकं करून पुढं दिलं, इतकंच. बरड जमीन, कमी पाणी आणि भरपूर बी या तीन गोष्टी वेगवेगळ्या झाडांच्या होत्या. आम्ही त्या एकाच झाडाला चिकटवल्या, कारण आम्हांला तसं झाड हवं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि शिक्षक असून मला सुचली नाही याची लाज वाटते. आमच्या खाचरात इंद्रायणी लावतात, उसाचं बेणं कोइमतूरच्या संशोधनातून आलेलं असतं. भाताच्या, उसाच्या प्रत्येक वाणामागं निवड आणि संकर करणाऱ्या माणसांची वर्षानुवर्षं गेलेली. मोगली एरंडाचा वाणच नव्हता. ते रानटी झाड होतं, आणि आपल्याकडची सगळी झाडं थोड्याशाच मूळ रोपांपासून पसरलेली, त्यामुळं निवडायला विविधताही फार नव्हती. ज्याला अजून पीक व्हायचं होतं त्याला आम्ही पीक म्हणून लावलं. दहा-पंधरा वर्षं शांतपणे निवड करा, मग बघू, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला पैसा कुणी दिला असता? इथंच मी अडतो. मोठं वचन दिल्याशिवाय मोठा पैसा उभा राहत नाही, आणि मोठं वचन दिलं की दहा वर्षं थांबायची सोय राहत नाही. ज्यानं झाड उजेडात आणलं त्यानंच ते घाईत मारलं.

आणि हे काही आमच्याच देशातलं खूळ नव्हतं, याचं दुःखात थोडं समाधान. ब्रह्मदेशात तेव्हाच्या लष्करी राजवटीनं लोकांकडून सक्तीनं एरंड लावून घेतला. ब्रिटिश पेट्रोलियमसारख्या कंपनीनं २००७ मध्ये एरंडाच्या लागवडीत भागीदारी केली आणि २००९ मध्ये अंग काढून घेतलं. २००८ च्या सुमाराला जगभर नऊ लाख हेक्टरांच्या आसपास लागवड असल्याचा अंदाज होता. त्याच वर्षी ३० डिसेंबरला एअर न्यूझीलंडनं बोइंग ७४७ च्या एका इंजिनात निम्मं एरंडतेलाचं इंधन घालून उड्डाण केलं. म्हणजे विमान उडालं त्या आठवड्यात आमच्या तिसऱ्या वर्षाच्या फळांची वेचणी सुरू होती. मी ती बातमी कापून आण्णाला दाखवली होती. अजून थोडी कळ काढ, म्हणालो होतो.

वीस टक्क्यांचं काय झालं? डिसेंबर २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानं तो आकडा तसाच ठेवला, साल तेवढं २०१७ केलं. २०१८ च्या धोरणात तो पाच टक्के झाला, साल २०३०. आकडा आणि साल या दोन्हींची एकदमच अशी माघार झाली, आणि प्रत्यक्षातलं मिश्रण तर एक टक्क्याच्या खालीच घोटाळत राहिलं.

आशेपेक्षा निराशा जास्त काम करते, हेही मला गावातच कळलं. करंज म्हणजे आपलं घरचं झाड. ओढ्याकाठी आहेच, कानडीत त्याला होंगे म्हणतात. त्याच्याही बीत तेल असतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक उडिपी श्रीनिवास यांनी होंगेच्या तेलावर इंजिनं चालवून दाखवली होती, तीही एरंडाचा गाजावाजा होण्याच्या आधी. पुढं कर्नाटक सरकारनं 'हसिरु होन्नु', म्हणजे हिरवं सोनं, या नावानं अशा तेलबियांच्या झाडांची योजना काढली. आमच्याकडं कुणीतरी करंजाची रोपं वाटायला आलं. फुकट. बांधावर लावायची, शेत अडवायचं नाही, जे बी पडेल ते गोळा करायचं, एवढंच मागणं. किती शहाणं मागणं! गावात एकानंही रोप घेतलं नाही. डिझेलचं झाड म्हटल्याबरोबर माणसं हसायला लागली. आलेला पोरगा माझ्याकडं पाठवला, मास्तरांना विचार म्हणून. मी त्याला चहा दिला, दोन रोपं ठेवून घेतली आणि गावात एक शब्द बोललो नाही. माझा एरंड करंजाला भोवला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये डेहराडूनहून दिल्लीला मोगली एरंडाच्या तेलाचं इंधन मिसळून प्रवासी विमान उडालं, डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेनं त्यावर कैक वर्षं काम केलं होतं. ही बातमी मी कापलीसुद्धा नाही.

याच्या उलट आमच्या परसातली गोबरगॅसची टाकी. १९८१-८२ मध्ये केंद्र सरकारनं बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या घरी लोखंडी डोलाची टाकी आली. तेव्हाही आश्वासनं होतीच. सगळा स्वयंपाक होईल, दिवे लागतील, सरपण संपेल. आईला त्यातलं काही पटलं नव्हतं. तिची अपेक्षा एकाच गोष्टीची होती, सकाळचा पहिला चहा धुराशिवाय व्हावा. चूल पेटवायच्या आधी, डोळे चोळायच्या आधी. ते झालं. थंडीत गॅस कमी पडे, डोलाला गंज चढे, आण्णा दर दोन-तीन वर्षांनी तो खरवडून रंगवी. पण चहा कधी चुकला नाही. सरकारी मोजणीत ती टाकी कदाचित अर्धी अयशस्वी ठरली असती. आईच्या मोजणीत ती पूर्ण यशस्वी होती, आणि म्हणून ती आई गेल्यावरही कितीतरी वर्षं चालली.

तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावाची हकिगत मी नंतर वाचली तेव्हा मला आईच आठवली. विज्ञान संस्थेतल्या अमूल्य रेड्डी यांच्या गटानं तिथं गावाचा मिळून गोबरगॅस उभा केला. आधी बेत होता सगळ्या चुलींना गॅस देण्याचा. शेण पुरेना, बेत फसला. पण ती माणसं मोडून निघून गेली नाहीत. गावाला खरी निकड पिण्याच्या पाण्याची होती, मग उजेडाची. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून नळाला पाणी आणि घरांत दिवे दिले, शेणाचा रबडा खत म्हणून ज्याचा त्याला परत. यंत्र तेच, शेण तेच. बदललं ते फक्त त्याच्याकडून काय मागायचं ते.

आता आजच्या कागदाकडं येतो. पुतण्याला मी हे सगळं सांगितलं नाही, त्याला ते ठाऊक आहे. उपटलेल्या एरंडाची खोडं ओढून त्याच्याच हातांना फोड आले होते, दहावीच्या सुट्टीत. पण तो काही वेडा नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही एरंडाला भाजलाय म्हणून सगळंच फुंकून पिऊ नका. उसाचं इथेनॉल बघा की. तेही लोक हसत होते." खरं आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल हे उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि २०२५ मध्ये गाठलंही. आता गाडीचं ॲव्हरेज पडतंय म्हणून लोक कुरकुरतात, तो भाग वेगळा. पण तिथं ऊस आधी होता, कारखाना आधी होता, मळीचा हौद आधी होता. वचन मागाहून आलं. गवताच्या गॅसचं तसं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की २०२३ पर्यंत असे पाच हजार प्रकल्प उभे राहतील. ते साल येऊन गेलं, प्रकल्प पाच हजारांच्या आसपासही आले नाहीत. म्हणून गवत वाईट किंवा गॅस खोटा असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तो चांगला चाललाय. हायड्रोजनचं अभियानही २०२३ च्या जानेवारीत आलंय, २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन. तो आमच्या माळावर लावायचा नसल्यानं माझी त्यातून सुटका आहे.

मी पुतण्याला म्हणालो, कंपनीला तीन गोष्टी विचार. आजवर किती शेतकऱ्यांचं किती टन गवत प्रत्यक्ष वजन करून घेतलंत, पैसे किती दिवसांत दिलेत, आणि दीडशे टन कुठल्या जमिनीत, किती पाण्यावर. आणि जमिनीची ती जागा डोळ्यांनी बघून ये. तो मान हलवत होता, पण त्याचा चेहरा पडला होता. त्याला माझ्याकडून अंदाज नको होता, हुकूम हवा होता. हो किंवा नाही. पारावरच्या माणसांनाही तेच हवं होतं आणि मी ते आनंदानं दिलं होतं. नाही म्हणणं तर मला आता किती सोपं! नाही म्हणणाऱ्याला कुणी वीस वर्षांनी जाब विचारत नाही. न काढलेल्या विहिरीसारखी न लावलेली पिकंही हिशेबात धरायची म्हटलं तर करंजाच्या त्या रोपांचं पाप माझ्या नावावर आहेच.

तेवढ्यात खांबापाशी आण्णा खाकरला. डोळे मिटलेलेच.

"मास्तर, कंपनी आलीच न्हाई, तर ते गवत गुरं खातात काय?"

"खातात की. चाराच आहे तो. कोवळा कापायला हवा मात्र."

"आणि विहिरीचं पाणी?"

"लागेल. दीडशे टन काढायचं तर बरंच लागेल. गुरांपुरतं लावलं तर थोडक्यात भागेल."

आण्णाचा अंगठा थांबला. मग तो पुतण्याकडं वळून म्हणाला, "गुरांपुरतं लाव. विहिरीच्या खालच्या अंगाला, चार गुंठं. त्यातलं उरलं तर कंपनीला दे म्हण. काकाला घेऊन जा कांड्या आणायला, त्याला कळतंय बेणं कसलं बघायचं ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मोटारसायकलवरून कांड्या आणायला निघालो. माळावरून जाताना कुंपणाशी पुतण्यानं गाडी हळू केली. बांधाच्या कडेला एरंडाची सात-आठ झाडं अजून आहेत. ती आण्णानं उपटली नव्हती, कारण ती लागवडीतली नव्हेत, आजोबांच्या वेळची, कुंपणातली. पावसानं टवटवीत झाली होती. एकाला थोडी हिरवी फळंही होती. पलीकडं शेजाऱ्याची गाय मान लांब करून आमच्या नाचणीकडं बघत होती आणि झाडाला हुंगून मागं सरत होती.